पाणीवाली बाई दिल्लीला जाते

गेल्या वर्षी पदवीच्या शेवटच्या वर्गातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे शिफारसपत्र मागावयास आली. मुलगी चांगली. वर्गात मागच्या बाकावर बसते, पण ऐकते; आणि सुट्टीच्या दिवशी एका वस्तीत लहान मुलांना वाचावयास शिकवते. तिला पुढे समाजकार्याचा अभ्यासक्रम घ्यावयाचा होता. पत्रात काय काय लिहू म्हणून मी विचारले, तर म्हणाली, "मॅडम, बाकी तुम्हांला सुचेल ते लिहा. फक्त एवढे जरूर लिहा, की मला राजकारणात अजिबात रस नाही."

मला हसू आले, पण मी ते दाबले. कारण हे वाक्य मी काही पहिल्यांदा ऐकत नव्हते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हे वाक्य 'आमच्याकडे कोणी पीत नाही' या चालीवर म्हटले जाते. रक्तदान करावे, अनाथाश्रमाला जुने कपडे द्यावेत, फार तर दर महिन्याला काही रक्कम पाठवावी. पण निवडणूक, पक्ष, मोर्चा म्हटले की दार लोटून घ्यावे. मराठीची प्राध्यापिका म्हणून मला यात एक गंमतही वाटते. समर्थांनी दासबोधात हरिकथेच्या खालोखाल मान राजकारणाला दिला. आणि आपण तोच शब्द आता कोणाला नावे ठेवावयाची असली की वापरतो. 'त्यांच्या सोसायटीत फार राजकारण आहे हो!' 

त्या मुलीला उत्तर म्हणून मी मृणाल गोरे यांचे नाव घेतले. तिने ते ऐकले नव्हते. नाही म्हणावयास, "त्या नावाचा गोरेगावात उड्डाणपूल आहे ना?" असे तिने विचारले. तेव्हाच मनात आले, की यंदा दिवाळी अंकासाठी लिहावयाचे ते हेच.

माझे आजोळ गोरेगावचे. आजी आणि मृणालताई साधारण एकाच वयाच्या. आजी त्यांचा उल्लेख कधी 'मृणाल' असा करी, कधी 'बाई' असा. आणि घरात मात्र कोणी 'ती' म्हटले तर तिला खपत नसे. तेव्हा या लेखातली माहिती जगजाहीर असली, तरी रंग थोडा आजोळचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचे आडनाव मोहिले. मुलगी बुद्धीने तल्लख, वैद्यकीचा अभ्यास करू लागलेली. आजही घरात मुलीला वैद्यकीला प्रवेश मिळाला, तर पेढे वाटले जातात. त्या काळी तर ही केवढी अपूर्वाई! परंतु ते दिवस वेगळे होते. बेचाळीसची चळवळ नुकतीच होऊन गेली होती, आणि १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने हजारो मराठी तरुण-तरुणींना वेड लावले होते. शाखेवर खेळ आणि गाणी; पण त्याबरोबरच जात मानावयाची नाही, मुलामुलींनी बरोबरीने काम करावयाचे, हा संस्कार. मृणालताई त्या वाटेने गेल्या आणि वैद्यकीचे शिक्षण अर्धे सोडून त्यांनी स्वतःला या कामाला वाहून घेतले. त्याच कामात केशव ऊर्फ बंडू गोरे भेटले. १९४८ मध्ये लग्न झाले, तेही जातीबाहेर. मार्च १९४८ मध्ये नाशिकच्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. म्हणजे सत्ता हाताशी आली असताना तिच्याकडे पाठ फिरवून निघालेल्या माणसांत हे नवे जोडपे होते. संसार कसा झाला असेल याची कल्पना करावी. पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणजे घरात पूर्णवेळ टंचाई.

आजच्या गोरेगावावरून तेव्हाचे गोरेगाव डोळ्यांपुढे येणार नाही. ते मुंबईत नव्हतेच. तिथे ग्रामपंचायत होती! १९५७ मध्ये मुंबईची हद्द दहिसरपर्यंत वाढली तेव्हा कुठे गोरेगाव महानगरात आले. आई सांगते, स्टेशनापासून चालत येताना संध्याकाळनंतर हातात बॅटरी लागे. एका बाजूला फिल्मिस्तानचा स्टुडिओ, पूर्वेला आरेच्या गोठ्यांकडे जाणारा रस्ता, मधे भातखाचरे, चाळी आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या झोपड्या. शहरात जागा न मिळालेले कारकून, शिक्षक, गिरणीतले कामगार इकडे येऊन राहू लागलेले.

या गावात मृणालताईंनी आरंभ केला तो महिला मंडळापासून. महिला मंडळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हळदीकुंकू आणि पाककृतींच्या स्पर्धा येतात. या मंडळाने एक वेगळेच काम अंगावर घेतले: कुटुंबनियोजनाचे केंद्र. १९५० च्या दशकात हा शब्द उच्चारणेसुद्धा सोपे नव्हते. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते आणि त्यापायी जन्मभर लोकांचे शिव्याशाप खाल्ले. पुढे १९५२ पासून सरकारनेच ते धोरण म्हणून स्वीकारले खरे. पण सरकारचे धोरण आणि चाळीतली सहावे मूल पोटात असलेली बाई यांच्यामध्ये जे अंतर असते, ते कोणीतरी पायांनी चालावे लागते. एकेका घरात जाऊन, सासू बाहेर गेल्याची वेळ साधून, कुजबुजत बोलावे लागते. वैद्यकीचे सोडलेले शिक्षण इथे कामास आले असेल का? मला वाटते, पुस्तकातल्या विद्येपेक्षा कुजबुजण्याची कलाच अधिक उपयोगी पडली असेल. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे दिल्लीच्या प्रसंगी मला ती पुन्हा काढावयाची आहे.

याच काळात त्या ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. तेव्हा कोणी 'या राजकारणात शिरल्या' असे म्हटले असेल असे वाटत नाही. गावातले काम करावयाचे तर पंचायतीत बसलेले बरे, इतका तो साधा मामला होता.

आणि १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. मृणालताईंचे वय अवघे तीस. पदरी लहान मुलगी. शिक्षण अर्धे, नोकरी नाही. त्या काळच्या आपल्या समाजात तिशीच्या विधवेसाठी ठरलेल्या वाटा दोनच होत्या: माहेर किंवा शिक्षिकेची नोकरी. त्यांनी तिसरीच धरली, म्हणजे होती तीच पुढे चालू ठेवली. सहकाऱ्यांनी केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला, आणि त्या स्मारकाची वास्तू पुढे गोरेगावातल्या सगळ्या खटपटींचे ठाणे झाली. माझी आजी आयुष्यात फारशा सभांना गेली नाही. पण ज्या गेली, त्यांतल्या बहुतेक तिथल्याच.

१९६१ मध्ये मृणालताई मुंबई महानगरपालिकेत निवडून आल्या. आता पाण्याची गोष्ट.

मुंबईचे पाणी हा स्वतंत्र पुराणाचा विषय आहे. १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, आणि मग १९५७ मध्ये वैतरणेवरचे धरण. ज्याला आपण अभियंता ना. वि. मोडक यांच्या नावाने मोडकसागर म्हणतो. यातली थट्टा अशी, की विहार आणि तुळशी हे दोन्ही तलाव गोरेगावच्या पूर्वेकडल्या टेकड्यांपाठीमागेच आहेत. पण ते बांधले दक्षिणेकडच्या जुन्या शहरासाठी. उपनगरांची भर मागाहून पडली. १९६१ मध्ये बृहन्मुंबईची लोकसंख्या ४१ लाखांवर होती. १९७१ मध्ये ती ५९ लाखांवर गेली. या वाढलेल्या माणसांतली किती तरी उपनगरांत येऊन पडली, आणि तिथे नळ होते तर पाणी नव्हते, पाणी होते तर नळ नव्हते. झोपडपट्टीची अडचण आणखी निराळी. वस्तीच मुळी अनधिकृत. मग तिला अधिकृत पाणी कसे द्यावयाचे? कागदावर हा प्रश्न मोठा चोख दिसतो. तान्ह्या मुलाला मात्र अधिकृत तहान आणि अनधिकृत तहान यांतला फरक कळत नाही.

आई सांगते, पहाटे तीनला उठून आजी नळावर नंबर लावी. नंबर म्हणजे माणसाने उभे राहावयाचे नाही. हंडा, कळशी, डालड्याचा डबा, काही नसले तर एक वीट ठेवावयाची. विटांच्या मालकीवरून भांडणे होत. पाणी आले की पहिल्या दहा बायकांचे हंडे भरेपर्यंत धार करंगळीएवढी होई, आणि मग नुसता फुसफुस आवाज. "त्या आवाजाची मला अजून भीती वाटते," असे आई म्हणते. तिच्या घरी आज चोवीस तास टाकीचे पाणी आहे. तरी ती रात्री निजण्यापूर्वी दोन बादल्या भरून ठेवते.

अशा बायकांना घेऊन मृणालताई निघाल्या. हंडे-कळशा घेऊन निघालेला मोर्चा ही गोष्ट आज आपल्याला छायाचित्रांमुळे इतकी परिचयाची झाली आहे, की तिच्यातले नवेपण कळत नाही. तोवर मोर्चा म्हणजे कामगारांचा, पुरुषांचा, लाल किंवा अन्य झेंड्यांचा. इथे चर्चगेटला लोकलमधून उतरून बोरीबंदरासमोरच्या त्या भव्य दगडी इमारतीकडे चाललेल्या बायका, हातात रिकामी भांडी. भांडी वाजवली की आवाज मोठा होतो, कारण ती रिकामी असतात. अधिकाऱ्यांना घेराव पडले. खोलीतून बाहेर पडू दिले नाही. पण मला आजीकडून कळलेली खरी गोष्ट निराळी आहे. ती म्हणे, "ओरडणाऱ्या पुष्कळ होत्या ग. पण कुठली जलवाहिनी किती इंचांची, आणि ती कोणत्या फाट्यावर अडली, हे बाईला पाठ असे. साहेब फाइल उघडायच्या आत ती पान सांगे." आजीने हे थोडे रंगवून सांगितले असेल. पण चार माणसांना चिडवणे सोपे आणि चार फायली वाचणे अवघड, हे आम्हा शिक्षकांना कोणी सांगावयास नको.

लोकांनी त्यांना नाव दिले 'पाणीवाली बाई'. कोणत्याही विद्यापीठाने दिली नसती अशी पदवी. 'बाई' हा शब्द मराठीत मोठा विलक्षण आहे. कामवालीलाही बाई, शाळेतल्या शिक्षिकेलाही बाई, आणि कीर्तीने मोठ्या झालेल्या स्त्रीलाही बाईच. गोरेगावच्या झोपडीतली बाई जेव्हा नगरसेविकेला 'बाई' म्हणे, तेव्हा यांतले तिन्ही अर्थ त्यात असावेत.

इथे जरा थांबून आपल्याकडे पाहिले पाहिजे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ या शहराला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाने कारभार पाहिला. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर त्या काळात टँकरवर, खड्ड्यांवर, कुत्र्यांवर शेकडो निरोप आले. नगरसेवक नाही याबद्दल एकही आल्याचे मला आठवत नाही. मीही लिहिला नाही. कदाचित 'राजकारणात रस नाही' म्हणून.

१९७२ ची विधानसभेची निवडणूक म्हणजे इंदिरा गांधींच्या लाटेची. बांगलादेशाचा विजय ताजा होता, आणि महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसने जिंकल्या. त्या लाटेत समाजवादी मृणालताई निवडून आल्या. वर्ष मोठे वाईट होते. पाऊस नाही, मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात माणसे खडी फोडण्याच्या कामावर, आणि मुंबईत धान्य, तेल, साखर, रॉकेल यांचे भाव रोज निराळे. रेशनच्या दुकानापुढल्या रांगा पाहून पाण्याची रांग बरी वाटे, असे आई म्हणते. तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी दुसऱ्या कम्युनिस्ट पक्षाच्या, प्रमिला दंडवते पुन्हा समाजवादी. ज्या पक्षांचे पुरुष पुढारी एका व्यासपीठावर बसताना खुर्च्यांचे अंतर मोजत, त्या पक्षांच्या बायका एका रॉकेलच्या डब्याभोवती एकत्र आल्या.

त्या चळवळीचे हत्यार होते लाटणे. थाळी आणि लाटणे. ज्याने आजवर फक्त नवऱ्यांवरच्या विनोदांत कामगिरी बजावली होती, ते लाटणे रस्त्यावर आले, आणि सचिवालयावर (तेव्हा मंत्रालय म्हणत नसत) हजारो गृहिणी चालून गेल्या. आमची आजीही गेली. आजोबा एका कचेरीत कारकून. त्यांना हे पसंत नव्हते. "फोटो छापून आला तर?" असे ते म्हणाले. आजी म्हणाली, "आला तर कापून ठेवा." फोटो आला नाही. आजोबांनी मात्र त्या दिवशी घरी राहून भाजी-पोळी केली, आणि पोळ्या हातांनी थापल्या, कारण घरातले एकुलते एक लाटणे मोर्चात गेले होते. ही हकीकत आमच्या घरी प्रत्येक दिवाळीला सांगितली जाते. दर वर्षी पोळ्या थोड्या अधिक जाड होतात.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. मृणालताई भूमिगत झाल्या. पंधरा वर्षे जिने पाणी मागितले ती बाई देशाच्या सुरक्षिततेला धोका ठरली! काही महिने त्या घरे बदलत, वेष बदलत हिंडल्या. अखेर पकडल्या गेल्या. तुरुंगात काही काळ त्यांना एकटे ठेवण्यात आले. शेजारी एक कुष्ठरोगी स्त्री, आणि भान हरपलेल्या दुसऱ्या एका कैदिणीचा दिवसरात्र आरडाओरडा. यावर मी अधिक लिहीत नाही. आजीच्या घरातल्या भीतीवर मात्र लिहिता येईल. आजोबांनी त्या काळात भिंतीवरचे एक सभेचे छायाचित्र काढून ट्रंकेत ठेवले. वाद झाला नाही. आजीनेच ते जुन्या लुगड्यात गुंडाळून दिले. नोकरी जाण्याची भीती काय असते, हे जिच्या घरात एकच पगार येतो तिलाच कळते. म्हणून त्या काळात गप्प बसलेल्यांना नावे ठेवताना माझी जीभ अडखळते.

जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या. मृणालताई उत्तर मुंबईतून लोकसभेला उभ्या राहिल्या. मार्चमध्ये निकाल लागला तेव्हा मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या होत्या. मृणालताई निवडून आल्या, अहिल्याताई रांगणेकरही आल्या. लाटणे मोर्चातल्या दोघी एकदमच दिल्लीस निघाल्या. आणि रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या. तेव्हा मुंबईत एक घोषणा झाली: 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!' हिंदी बेताचीच, पण अर्थ पुरेपूर. आई तेव्हा पंचवीस वर्षांची. ती म्हणते, रात्री रस्त्यावर अनोळखी माणसे एकमेकांना साखर भरवीत होती, आणि आजोबांनी ट्रंक उघडून ते छायाचित्र पुन्हा खिळ्याला लावले. काच तडकलेली होती. ती पुढे कधी बदलली नाही.

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्यावरून माझा आणि आईचा गेली वीस वर्षे वाद आहे. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी मृणालताईंना आरोग्य खात्याचे मंत्रिपद देऊ केले. मृणालताईंनी ते नाकारले.

आपल्याकडे अशा नकाराचे मोठे कौतुक होते. पदाचा मोह नाही, खुर्ची लाथाडली, इत्यादी. आईचेही तेच म्हणणे. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते. १९७७ मध्ये आरोग्य खाते म्हणजे काय होते? आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. त्यांतल्या किती तरी धाकाने, पगार अडवून, माणसे गाडीत घालून. उत्तर भारतात काँग्रेस बुडाली ती मुख्यत्वे याच पाण्यात. 'कुटुंबनियोजन' हा शब्दच लोकांच्या मनातून उतरला, इतका की नव्या सरकारने खात्याच्या नावात त्याच्या जागी 'कुटुंबकल्याण' घातले. अशा वेळी त्या खात्यावर कोण हवे होते? जिने पंचवीस वर्षांपूर्वी गोरेगावच्या चाळींतून, सक्तीचा शब्द न उच्चारता, एकेका बाईला हीच गोष्ट समजावून सांगितली होती, ती! देशभर शोधून अशी दुसरी व्यक्ती सापडती ना. ते खाते गेले राजनारायण यांच्याकडे. इंदिरा गांधींना हरवणारे म्हणून ते थोर. पण आरोग्यमंत्री म्हणून त्यांच्या कर्तबगारीवर फार शाई खर्च करावी लागत नाही.

"तुझे सगळे पुस्तकी," आई म्हणते. "खाते घेतले असते तर फायलींत बुडून गेली असती. मग गोरेगावला परत कोण आले असते?"

"परत येणे हेच का मोठे? तिथे बसून कोट्यवधी बायकांचे काम झाले असते."

"दोन वर्षांत सरकारच पडले. काय झाले असते?"

यावर मजजवळ उत्तर नाही. जुलै १९७९ मध्ये जनता सरकार खरोखरच कोसळले, आणि ते कोसळताना आत बसलेल्यांची जी शोभा झाली, तीत मृणालताईंचे नाव नाही हे एका अर्थी बरेच. पण माझी हळहळ जात नाही. समाजसेवेतून राजकारणात येणाऱ्या माणसाची आपण एक विचित्र परीक्षा घेतो. त्याने सत्तेपर्यंत जावे, पण तिला शिवू नये. शिवला तर तो बिघडला, न शिवला तर तो थोर. आणि सत्ता मात्र ज्यांना ती शिवण्याचा संकोच नाही, त्यांच्याकडे बिनबोभाट राहते. मृणालताईंनी काय विचार केला असेल तो त्यांचा. आपण त्याचे कौतुक ज्या कारणासाठी करतो, ते कारण मला संशयास्पद वाटते.

दिल्लीची वर्षे संपली. नंतरच्या कामातली दोन कामे मला त्या खासदारकीहून मोठी वाटतात, आणि आईच्या बाजूने जाणारी असली तरी ती सांगितली पाहिजेत.

पहिले घरांचे. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा म्हणजे शहरात कोणी किती मोकळी जमीन राखावी याला मर्यादा. मर्यादेबाहेरची जमीन सरकारने घ्यावी आणि सामान्यांच्या घरांसाठी वापरावी, असा त्यातला हेतू. प्रत्यक्षात कायद्यात सवलतीची कलमे होती, आणि कलमांच्या फटींतून जमिनी कुठे जात ते सर्वांना दिसे. १९८३ मध्ये मृणालताईंनी बाबूराव सामंत आदी सहकाऱ्यांसह नागरी निवारा परिषद काढली आणि तोच कायदा हातात घेऊन सरकारकडे गेल्या: तुमचा कायदा, तुमचा हेतू; मग द्या जमीन. सरकार-दरबार, न्यायालय, पुन्हा सरकार अशा वर्षांनुवर्षांच्या खेपा झाल्या. अखेर गोरेगावला दिंडोशीच्या बाजूस सहा हजारांहून अधिक घरे उभी राहिली, बेताच्या पगाराच्या माणसांना परवडतील अशी. चळवळीने मागणी करणे आपण पुष्कळ पाहिले आहे. चळवळीने सिमेंट-विटांचा हिशेब ठेवून घराची किल्ली हातात देणे फार थोडे पाहिले आहे.

दुसरे काम त्याहून अवघड. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या. तेव्हा मुंबईत गर्भजलपरीक्षेचा धंदा तेजीत होता. आज मुलगी पाडण्यास थोडा खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागत. गिऱ्हाईक कोण? झोपडपट्टीतले नव्हे. शिकलेले, पगारदार, आपल्यासारखे. मृणालताईंनी १९८६ मध्ये याविरुद्ध खाजगी विधेयक मांडले. स्त्री संघटनांनी आणि काही डॉक्टरांनी बाहेर रान उठवले होतेच. सरकारला स्वतःचा कायदा आणावा लागला, आणि १९८८ मध्ये महाराष्ट्र हे गर्भलिंगनिदानाला कायद्याने आळा घालणारे देशातले पहिले राज्य ठरले. सबंध देशासाठी कायदा झाला तो १९९४ मध्ये.

या कामाचे मला विशेष वाटते ते असे. पाण्याच्या मोर्चात सगळा समाज त्यांच्या बाजूला होता. लाटणे मोर्चात आपण सगळे होतो. पण या वेळी त्या जिच्यावर बोट ठेवीत होत्या, ती आपलीच माजघरातली गोष्ट होती. ज्या बायका लाटणे घेऊन त्यांच्यामागे चालल्या, त्यांतल्याच काही सुनांना घेऊन त्या दवाखान्यांत जात असतील. वैद्यकीचा अभ्यास सोडलेली ही बाई चाळीस वर्षांनी वैद्यकीच्या धंद्यापुढे उभी राहिली, तेव्हा मतांचा हिशेब करणाऱ्या कोणीही तिला सल्ला दिला असता, की हा विषय सोडा.

१९८३ मध्येच त्यांनी संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी 'स्वाधार' हे केंद्र काढले होते. घरातून हाकललेल्या, मारहाण झालेल्या बायका तिथे येत. म्हणजे एकाच माणसाच्या दिवसात सकाळी एखादी रडणारी मुलगी, दुपारी विधानसभेतली चर्चा, संध्याकाळी घरांच्या हप्त्यांचा हिशेब. यातले समाजकार्य कोणते आणि राजकारण कोणते, हे सांगणारी रेघ मला तरी ओढता येत नाही.

१७ जुलै २०१२ रोजी मृणालताई गेल्या. वय ८४. आजी त्याआधीच गेली होती. आई त्या दिवशी पावसात गोरेगावला जाऊन आली. परत आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. मी विचारले, "गर्दी होती?" म्हणाली, "होती. पण म्हाताऱ्या बायका फार. एकमेकींना धरून उभ्या होत्या. एकीने मला ओळखले. म्हणाली, तू नळावरच्या अमक्यांची ना? तुमची वीट नेहमी आमच्या पुढे असायची."

शिफारसपत्र मी लिहिले. राजकारणाविषयीचे ते वाक्य घातले नाही. मुलीने पत्र वाचले, घडी घालून पिशवीत ठेवले, आणि दाराशी जाऊन परत वळून विचारले, "मॅडम, पण मग त्या मंत्री का नाही झाल्या?" मी तिला आईचा फोन नंबर दिला.